अकरा अंडी आणि घरचा ईश्वर

मी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली आणि त्यातली निदान वीस वर्षं चौथीच्या पोरांना ‘सकस आहार’ हा धडा शिकवला. फळ्यावर अंडं काढण्यात माझा हात कोणी धरू शकत नसे. एका झटक्यात, खडू न उचलता. असं असूनही माझ्याच घरात, माझ्याच सख्ख्या बहिणीच्या पोटात एक अंडं जायला एकोणीस दिवस लागले, ही गोष्ट मी सहसा कोणाला सांगत नाही. पण आपण सांगितली नाही म्हणून एखादी गोष्ट अड्याळसारख्या गावात लपून राहते असं थोडंच आहे? ती आमच्या शेजारच्या केशवरावांना ठाऊक आहे, म्हणजे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. तेव्हा ती लोकांना निदान व्याकरणशुद्ध तरी कळावी, म्हणून मीच लिहितो आहे.

माझी बहीण धुरपता माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, त्र्याहत्तरची. तिला आम्ही बाई म्हणतो. तिचा मुलगा आणि सून दोघंही वरठीला पाळीच्या नोकरीत. त्यामुळे हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तसं तिला मी माझ्याकडे आणलं. भंडाऱ्याच्या डॉक्टर तृप्तीबाईंनी तिला वजनकाट्यावर उभं केलं. काटा छत्तीसवर जाऊन थांबला.

“ऑपरेशन मी आज करून देईन,” त्या म्हणाल्या, “पण टाके भरणार कशाच्या जोरावर? अंगात प्रथिनंच नाहीत. महिनाभर रोज दोन अंडी खायला घाला, वजन वाढवून आणा, मग बघू. नाहीतर या वयात मी सुरी लावणार नाही. आणि अंडं पूर्ण खायचं. पिवळं टाकायचं नाही.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण जन्मभर शिकवलेल्या माणसाला समोर कोणी शिकवायला लागलं की राहवत नाही. “मॅडम, पिवळं वाईट ना? मी अकरा वर्षं झाली, फक्त पांढरं खातो. कोलेस्टेरॉल!” मी थोड्या अभिमानानेच म्हणालो.

“मग पिवळं कोणाला देता?”

“दारातल्या कुत्र्याला.”

“त्याची तब्येत कशी आहे?”

त्याची तब्येत उत्तम होती. केस चकचकीत, नजर तीक्ष्ण, आणि आमच्या आळीत पायऱ्या चढताना न कण्हणारा तो एकटाच.

“असणारच,” डॉक्टर म्हणाल्या. “अहो गुरुजी, जवळजवळ निम्मी प्रथिनं पिवळ्यात असतात. अ जीवनसत्त्व, ड जीवनसत्त्व, बी-बारा, मेंदूला लागणारं कोलीन, सगळं तिकडेच. पांढरं म्हणजे नुसती भिंत. घर आतमध्ये आहे. तुमचं रक्त आपण तपासू, पण बहुतेकांना रोजच्या एका अंड्यानं काही होत नाही. अकरा वर्षं तुम्ही भिंत खाल्लीत आणि घर कुत्र्याला दिलंत.”

बाई माझ्याकडे बघून हसली. छत्तीस किलोच्या माणसाला इतकं हसू पेलतं कसं, मला कळेना. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं : ‘होल एग, रोज २.’ आणि ऑपरेशन सरकारी योजनेतून होणार असल्यामुळे आम्हाला बाहेरच्या खिडकीवर पाठवलं. तिथे मनिष नावाचा तरुण होता. त्याने एक हिरवं आहार कार्ड दिलं. तीस रकाने, प्रत्येकात ‘अंडे : होय / नाही’. “काका, कार्ड भरून आनल्याशिवाय तारीख भेटन नाही बरं,” तो म्हणाला.

घरी आलो तेव्हा केशवराव ओट्यावर आमचा पेपर वाचत बसले होते. हे गृहस्थ कारखान्यात तीस वर्षं ड्रिल मशीनवर होते. आता निवृत्त आहेत आणि ड्रिल मशीन नसल्यामुळे माणसांवर बसतात. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, चष्मा वर सरकवला.

“होल एग. म्हंजे अंड्याले होल पाडाचं.”

“केशवराव, होल म्हणजे पूर्ण.”

“मास्तर, तीस वर्षं म्या होल पाडले. होल म्हंजे काय ते मले नका शिकवू. ट्यूबले होल, पत्र्याले होल, तसं अंड्याले होल. कच्च्या अंड्याले बाभरीच्या काट्यानं होल पाडाचं अन् चोखून घेयाचं. जुना इलाज हाये थो.”

मी नेहमीप्रमाणे वाद घातला असता. पण ‘बाभळीचा काटा’ हे शब्द कानावर पडले आणि मी चिठ्ठी परत घेऊन खिशात घातली. दाराच्या चौकटीला धरून उभी असलेली बाईसुद्धा आत निघून गेली. त्याचं कारण पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामिनीनं, म्हणजे माझ्या पत्नीनं, दोन अंडी उकडली, सोलली, वर मीठ-मिरपूड घालून बाईपुढे ठेवली. बाईनं बशी दोन बोटांनी लांब सारली.

“मले वास येते.”

हे आम्हाला नवीन नव्हतं. बाई मटण खाते, तलावातला झिंगा खाते, सुकट भाजली तर दोन घरं पलीकडून विचारायला येते. पण अंडं मात्र नाही. कायम ‘वास येते’. मी खुर्ची ओढली आणि चौथीचा धडा सुरू केला. प्रथिनं, जीवनसत्त्वं, भिंत, घर. अर्धा तास. बाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “चांगलं सांगते रे तू. पोरं पास होत असतीन.” मग तिनं तांदूळ निवडायला घेतले. मी कार्डावर ‘नाही’ला खूण केली.

आमच्या आळीत एखाद्याच्या घरी अडचण आहे असं कळलं की लोक धावून येतात, आणि येताना सल्ला घेऊन येतात. शेजारीण शकुनबाई म्हणाल्या, बाजारातल्या पांढऱ्या अंड्याला वास असतो, गावरानीला नसतो. म्हणून मी स्कूटर काढली आणि तलावापलीकडे धनीरामच्या वाडीवर गेलो. त्याने डझनभर गावरानी अंडी दिली. पिशवीत फुटतील म्हणून मी हेल्मेट उलटं केलं, त्यात तणस, म्हणजे भाताचा पेंढा घातला, तणसावर अंडी मांडली आणि हेल्मेट हँडलला अडकवून निघालो. याहून चांगली युक्ती कोणी केली असती असं मला आजही वाटत नाही.

फाट्यावर पोलिसाने शिट्टी वाजवली. जवळ जाऊन पाहतो तर भुपेंद्र, माझाच विद्यार्थी. त्याने आधी वाकून नमस्कार केला, मग सरळ उभा राहून विचारलं, “गुरुजी, हेल्मेट डोक्यावर काहून नाही?”

“त्यात अंडी आहेत.”

“गुरुजी, तुम्हीच तं शिकवलं होतं, नियम कोनासाठी मोडाचा नसते. आता तुमालेच सोडलं तं तुमचीच शिकवन पान्यात जाईन का नाही?”

आपले विद्यार्थी आपला एक तरी शब्द लक्षात ठेवतात, याचा आनंद मानावा की नाही ते कळेना. त्याने स्वतः हातभार लावला. सहा अंडी माझ्या पँटच्या डाव्या खिशात, सहा उजव्या. हेल्मेट झटकायचं राहिलं, ते तणसासकट डोक्यावर आलं. मी अत्यंत सांभाळून, पाय फाकवून, बदकासारखा स्कूटरवर बसलो. बसलो, एवढंच. पुढचं लिहिण्यासारखं नाही. घरी पोचलो तेव्हा दोन्ही खिशांतून सकस आहार चपलेपर्यंत आला होता. ते कुत्रं माझ्या मागे मागे चालत होतं. पिवळ्यावर त्याचा आधीपासूनचाच हक्क.

कामिनीनं पँट धुतली, पण तीन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली.

त्यानंतर शकुनबाईंचाच दुसरा सल्ला आला : अंडं दाखवूच नका, तांदळाच्या आयत्यांच्या, म्हणजे धिरड्यांच्या, पिठात फेटून घाला. सोमवारी सकाळी कामिनीनं जाळीदार, मऊ आयते काढले. प्रत्येकात एकेक अंडं पिवळ्यासकट. वर तिळाची चटणी, म्हणजे वास झाकला जावा. बाईनं ताट जवळ घेतलं, नाक फिरवलं, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि दारात पेपर वाचत बसलेल्या केशवरावांकडे ताट सरकवत म्हणाली, “घ्या जी भाऊ, गरम हायेत.”

केशवरावांनी चार खाल्ले. “वहिनी, असे आयते आमच्या मायनंच बनवले होते,” म्हणून पाचवा मागून घेतला. तेवढ्यात शकुनबाई आल्या आणि दारातूनच ओरडल्या, “अंड्याचा पत्ता लागला का जी बाईले?”

केशवराव महादेवाचे कडक सोमवारवाले आहेत. एकवीस वर्षं सोमवारी त्यांनी कांदासुद्धा खाल्ला नव्हता. तोंडातला घास गिळावा की टाकावा याचा विचार करत उभे राहिले, मग गिळला, पेपरची घडी घातली आणि निघून गेले. पुढचे दहा-बारा दिवस पेपर आमच्या ओट्यावर कोराच पडून राहिला. मला स्वतःला पेपर आधी वाचायला मिळाला, पण एकट्याने वाचण्यात काही मजा नाही, हेही तेव्हाच कळलं.

अकराव्या दिवशी आम्ही दोघं भंडाऱ्याला गेलो. कार्डावर ओळीनं ‘नाही’च्या खुणा होत्या. वजन पस्तीस झालं होतं. डॉक्टरांनी कार्ड खाली ठेवलं आणि बाईचं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं. मला त्या मनगटाची भीती वाटली. आईसुद्धा शेवटी अशीच वाळत गेली होती, आणि त्या वेळी आम्ही म्हणत होतो, वय झालं.

मनिषने खिडकीतून कार्ड पाहिलं. “काका, असं लगातार ‘नाही’ आलं तं मशीनमधी कारन टाका लागते.” त्याने बाईला विचारलं, “आजी, धार्मिक कारन हाये का?”

“नाही बाप्पा.”

“अंगावर पुरळ येते?”

“नाही.”

“आवडत नाही?”

“आवडत नाही असं कोन म्हंते?” बाई पटकन बोलून गेली. मग खाली बघत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “आवडते. लई आवडते. पन मले शप्पत हाये.”

सदुसष्ट वर्षांत मी हे पहिल्यांदा ऐकत होतो. मनिषवर मात्र काहीच परिणाम झाला नाही. तो यादी खाली सरकवत म्हणाला, “मग ‘इतर’मधी जाईन. अन् शप्पत असन तं काका, शपथपत्र जोडा लागन. मंग साहेब अंड्याच्या जागी दुसरा आहार मंजूर करतीन.”

परतीच्या बसमध्ये बाई झोपून गेली. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि त्याला काही वजनच नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. ती शपथ कधीची आणि कशामुळे, हे मला न विचारताच कळलं होतं. आता बाभळीच्या काट्याचं सांगून टाकतो.

आमचं मूळ घर तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून. मी तेव्हा सात वर्षांचा, बाई तेरा. आमच्या आईनं, कुंताबाईनं, चितकबरी कोंबडी खुडूक झाली म्हणून टोपलीत तणस घालून तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. अंडी नेहमी विषम मांडायची, हा तिचा नियम. आणि मला कोणीतरी चोखण्याची विद्या शिकवली होती. कोंबडी दाणे टिपायला उठली की टोपलीतून एक अंडं घ्यायचं, काट्यानं एका टोकाला भोक, दुसऱ्या टोकाला हवेसाठी त्याहून बारीक भोक, आणि ओढायचं. मग रिकामं कवच अलगद परत ठेवून द्यायचं. ती चव मला अजून आठवते. कोमट, थोडी तणसाची, थोडी भीतीची. त्यानंतर आयुष्यात मी बरंच काही खाल्लं, पण तसं काही नाही.

मी चार अंडी अशी संपवली. कोंबडी बिचारी एकवीस दिवस बसली, पंचवीस दिवस बसली. शेवटी आईनं एक अंडं उचललं. ते पिसासारखं हलकं. तिनं भोकावर फुंकर मारली तर शिट्टी वाजली. आईनं एकामागून एक अकराही अंडी वाजवली. मी धान्याच्या ढोल्याच्या मागे लपून ऐकत होतो. मग आईला बाईच्या रिबिनीच्या डब्यात काटा सापडला. तो तिथे मीच लपवला होता. बाईच्या पाठीत दोन धपाटे बसल्याचा आवाज आला. तिनं माझं नाव घेतलं नाही. पुढचं ऐकायला मी थांबलो नाही, सरळ तलावाकडे पळालो.

बाकीच्या सात अंड्यांचं काय झालं, हा प्रश्न मला पुढे बत्तीस वर्षं वजाबाकी शिकवतानाही पडला नाही. माझ्या चारांमुळे तीही नासली असतील, असं मी धरून चाललो होतो. अपराधी माणसाचं गणित कच्चंच असतं.

तर बाईनं त्या दिवशी खोट्या आळाच्या रागानं शपथ घेतली असणार : यापुढे अंडंच खाणार नाही. माझ्या चार अंड्यांपायी माझी बहीण साठ वर्षं अंड्यावाचून राहिली आणि आता पस्तीस किलोची झाली. सरळ मार्ग एकच होता. तिच्यासमोर बसायचं आणि कबूल करायचं. पण पोरांना खरं बोलायला शिकवणं वेगळं आणि मोठ्या बहिणीसमोर खरं बोलणं वेगळं. मी भित्र्यासारखा शपथपत्राच्या मार्गाला लागलो. निदान दुसरा आहार तरी मंजूर होईल, असं मनाला समजावलं.

तालुक्याच्या कचेरीबाहेर कडुलिंबाखाली नत्थूभाऊ अर्जनवीस बसतात. त्यांनी जमिनीची, जन्माची, नावातल्या बदलाची, बैल हरवल्याची शपथपत्रं लिहिली होती. पण शपथेचंच शपथपत्र त्यांनाही नवीन होतं.

“शप्पत घेनारे जिवंत हायेत का जी?”

“आहेत.”

“ज्याईच्यापुढं घेतली ते?”

“वारल्या.”

“शप्पत कोनाची घेतली? देवाची, मायची, अन्नाची? ते लिवल्याबिगर शपथपत्र उभंच राहात नाही.”

हे मला माहीत नव्हतं. नत्थूभाऊंनी तिथे जागा कोरी सोडली. बाकी मजकूर मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. आणि ‘माझ्यावर अंडी खाल्ल्याचा खोटा आळ आल्याने’ हे वाक्य सांगताना मी बाहीनं डोळे पुसले. नत्थूभाऊंनी मला पाणी दिलं. अर्जनवीसांना रडणाऱ्या लोकांची सवय असते, पण अंड्यावरून रडणारा मी पहिलाच असेन.

शपथपत्राला दोन साक्षीदार लागत होते. एक कामिनी. दुसऱ्यासाठी मी केशवरावांच्या दारात गेलो, सोमवारबद्दल हात जोडून माफी मागितली. ते पायात चपला सरकवत म्हणाले, “पेपर आला का आजचा?” आम्ही दोघं मिळून परत आलो.

एकोणिसावा दिवस होता तो. दुपारची वेळ. कामिनीनं त्या दिवशीही सवयीनं दोन अंडी उकडून बशीत ठेवली होती. मी कागद बाईपुढे ठेवला. तिनं चष्मा लावला आणि एकेक शब्दावर बोट ठेवत वाचलं. वाचून झालं, पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

“यावर मी सही करनार नाही.”

“का गं बाई?”

“हे खोटं हाये.”

“काय खोटं?”

“तू ‘खोटा आळ’ म्हून लिवलं ना? थेच खोटं हाये.”

मला वाटलं, ही अजूनही मला वाचवते आहे. तिचा तो वाळलेला हात बघून मला राहवेना. मी केशवरावांसमोर, पत्नीसमोर, साठ वर्षांचं ओझं खाली टाकलं. “बाई, ते मी केलं होतं. काटा माझा होता. तुझ्या डब्यात मीच लपवला. मार तू खाल्लास आणि अंडी मी खाल्ली.”

बाईनं विचारलं, “किती खाल्ले तू?”

“चार.”

“अन् खाली किती होते?”

“अकरा.”

“मंग सात कोठी गेले रे मास्तर?”

केशवरावांच्या ओठांची हालचाल होत होती. ते अकरातून चार वजा करत असावेत.

“सात म्या खाल्ले,” बाई म्हणाली. “रिबिनीच्या डब्यात दोन काटे होते. मायले सापडला थो माहा. तुहा त्याच्याखाली होता, थो म्या तलावात फेकला.”

साठ वर्षं जिला मी मनातल्या मनात देवीच्या जागी बसवलं होतं, ती माझ्याहून तीन अंड्यांनी पुढे होती. मला हसू यायला हवं होतं. पण बाई हसत नव्हती.

“मायनं मारलं, तं म्या म्हनलं, इस्वराची शप्पत, म्या नाही खाल्ले. मायनं इचारलं, कोनता इस्वर? वरचा का घरचा?” बाईनं माझ्याकडे पाहिलं. “वरच्याचं मले लई भेव वाटे रे. म्हून म्या म्हनलं, घरचा.”

घरचा ईश्वर म्हणजे मी. माझं नावच ईश्वर.

“अन् आठ दिवसात तुले ताप चढला. तसा ताप गावात कोनी पाहिला नोयता. बंडीत टाकून तुले नेलं, तं तू डोये उघडत नोयता. माय रडत होती. मी पाळीवर जाऊन बसली अन् म्हनलं, माही शप्पत खोटी होती, त्याले कायले नेता? याले उठवा. मी जल्मात अंडा तोंडात घालनार नाही. अन् तू उठला.”

तो ताप मला आठवतो. त्या बैलबंडीची चाकं आठवतात, आणि त्याहून चांगलं आठवतं ते बरं होतानाचं. वैद्यानं सांगितलं म्हणून आई मला रोज एक उकडलेलं अंडं द्यायची. सोलून भरवायची बाई. ती चुलीपाशी बसून कवचाचा एकही तुकडा राहू न देता ते सोलायची, फुंकर मारायची, मीठ लावायची आणि पिवळ्यासकट पूर्ण अंडं माझ्या तोंडात घालायची. मग बोटं धुऊन टाकायची. चाटायची नाही. ते मी बघत होतो आणि मला कधी काही विचारावंसं वाटलं नाही. माझी हाडं लहानपणच्या अंड्यांनी मजबूत झाली, असं मी वर्गात छाती पुढे काढून सांगत आलो. मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं आणि मी ते येऊ दिलं.

“आता सोड ना गं बाई ती शपथ,” मी म्हणालो. “मी तर जिवंत आहे. चांगला सदुसष्टचा झालो.”

“मी कशी सोडू? तुह्या नावाची हाये. ज्याच्या नावाची, त्यानं सुटली म्हनाव लागते.”

“सुटली.”

“असं नाही. जसं म्हनत होतो तसं.”

लहानपणी शपथ सोडवायची आमच्या पाळीवर एक पद्धत होती. एका पायावर उभं राहायचं, दोन्ही कान धरायचे आणि तीनदा म्हणायचं : ‘सुटली सुटली, तलावात बुडली.’ एकदा जरी पाय टेकला तर शपथ सुटत नाही. मी सेवानिवृत्त मुख्याध्यापक. उजव्या गुडघ्यात गॅप. मी उभा राहिलो, कान धरले, डावा पाय उचलला. पहिल्या ‘सुटली’ला कपाटाकडे झुकलो. दुसऱ्याला केशवरावांनी पुढे येऊन माझं कोपर धरलं. तिसऱ्या ‘बुडली’नंतर मी खाटेवर कोसळलो, पण पाय टेकला नव्हता. बाईनं वाकून खात्री करून घेतली.

“मास्तर,” केशवराव हळूच म्हणाले, “तसेच एका पायावर माह्या सोमवारचंही म्हनून टाका ना जी.”

बाईनं बशी ओढली. एक अंडं घेतलं, मधोमध तोडलं, आतल्या पिवळ्याकडे थोडा वेळ पाहत राहिली आणि मग अर्धं, आणि मग दुसरं अर्धं, असं सावकाश खाल्लं. डोळे मिटून. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत होतो.

“मीठ कमी हाये,” ती म्हणाली.

मग दुसरं अंडं उचललं, त्यावर चिमूटभर मीठ घातलं, फुंकर मारली आणि ते पूर्ण माझ्यापुढे धरलं. “पिवळा फेकाचा नाही,” ती म्हणाली. अकरा वर्षांनी मी पूर्ण अंडं खाल्लं. बाईनं हाताकडे पाहिलं, आणि बोट चाटलं.

शपथपत्राची गरज उरली नाही. कार्ड मात्र मनिषने नवीन दिलं, कारण जुन्यावर खाडाखोड चालत नाही. तीस दिवस, ‘होय’च्या तीस खुणा. वजन एकोणचाळीस झालं. ऑपरेशन झालं, टाके भरले. दारातलं कुत्रं माझ्यावर रुसलं आहे, पण माझा त्याला इलाज नाही.

शेवटच्या तपासणीला डॉक्टर तृप्तीबाईंनी टाक्यांवरून बोट फिरवलं आणि खूश होऊन विचारलं, “आजी, खरं सांगा, एकूण किती अंडी खाल्ली?”

“अडुसष्ट.”

“तीस दिवस दोन-दोन, म्हणजे साठ झाली ना आजी?”

“सात जुने हायेत, अन् एक शप्पत सुटली त्या दिवसाचा,” बाई म्हणाली. मग माझ्याकडे बोट करून, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं साठ वर्षं न घेतलेलं नाव घेतलं. “अन् चार या इस्वरानं खाल्ले होते!”